सीलिअ‍ॅक आजार: भाकरी घरची, पण दळण कुठले?

"डॉक्टर, पोळी सहा महिन्यांपूर्वीच बंद केली. आता फक्त ज्वारीची भाकरी देतो. तरी पोट फुगतं, वजनही वाढत नाही." सीलिअ‍ॅक आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांकडून हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता रिपोर्ट उघडण्याआधीच विचारते, दळण कुठे टाकता?

उत्तर बहुधा एकच असते: कोपऱ्यावरच्या गिरणीत. तिथे दिवसभर गहू दळला जातो आणि मधेच कुणाची तरी पाच किलो ज्वारी.

आजार थोडक्यात

गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सीलिअ‍ॅक आजारात शरीराची प्रतिकारशक्ती ग्लुटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याचे सूक्ष्म अंकुर झिजतात. त्यामुळे जुलाब, पोटफुगी, वाढ खुंटणे, तोंडात फोड येणे अशा तक्रारी सुरू होतात. मोठ्या माणसांत कधी कधी फक्त अ‍ॅनिमिया दिसतो आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. ही गव्हाची साधी अ‍ॅलर्जी नाही. यावर आज तरी एकच खात्रीचा उपचार आहे, ग्लुटेन आयुष्यभर पूर्ण बंद.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई आणि राजगिरा यांत हे ग्लुटेन नसते. म्हणजे ज्या घरात भाकरी होते तिथे अर्धी लढाई जिंकलेली असते. परदेशातले रुग्ण ग्लुटेनमुक्त पाव शोधत फिरतात, आपल्याकडे आजीला सांगितले की काम होते. अडचण उरलेल्या अर्ध्यात आहे.

थोडेसे पीठ म्हणजे किती?

दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन बहुतेक रुग्णांना सोसते. रोज ५० मिलिग्रॅम पोटात गेले तर आतड्याला पुन्हा इजा होऊ लागते. गव्हाच्या एक ग्रॅम पिठात ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन असते. एक ग्रॅम पीठ म्हणजे दोन-तीन चिमटी! गव्हामागून त्याच जात्यातून निघालेल्या ज्वारीत एवढे पीठ सहज येते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

गिरणीवाल्यांना "आधी थोडे तांदूळ दळून मग आमचे टाका" असे सांगणारे पालक भेटतात. त्याने मिसळ कमी होते, पण जाते, नळी आणि हवेतली धूळ यांची खात्री कुणीच देऊ शकत नाही. परवडत असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही दळू नये. आधी गहू दळलेली, कुणाकडून आणलेली जुनी घरघंटी यासाठी उपयोगाची नाही. ते शक्य नसेल तर मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात थोडे थोडे दळून घ्या. पीठ विकतचे असेल तर पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिलेले पाहा. भारतातल्या नियमानुसार अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. दळण्याआधी धान्य नीट निवडा, ज्वारीत गव्हाचे दाणे सर्रास सापडतात.

भाकरी तुटते म्हणून गहू घालू नका

ग्लुटेनमुळेच कणीक लवचीक होते, आणि ते नसल्यामुळे ज्वारीची भाकरी कडेने चिरते. मग कुणी तरी सुचवते, "मूठभर कणीक घाल, छान होईल." असे करू नका. गव्हाची पिठी लावून थापणेही तितकेच वाईट.

उपाय गरम पाण्यात आहे. कडक पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि ग्लुटेनचे काम काही अंशी करतो. थापण्याची सवय नसेल तर सरळ उकड काढा: एक वाटी पाणी चिमूटभर मीठ घालून उकळा, एक वाटी पीठ घाला, ढवळून गॅस बंद करा आणि पाच मिनिटे झाकून ठेवा. मग हाताला सोसेल इतके गरम असतानाच तळहाताच्या टाचेने भरपूर मळा. कंटाळा येईपर्यंत मळा, असे मी सांगते. ही भाकरी लाटताही येते. एकदम सगळे पीठ मळून ठेवू नका, एका भाकरीपुरता गोळा घेऊन तो पुन्हा मळा. वरून लावायला ज्वारीचीच पिठी घ्या. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकत आले की उलटा आणि शेवटी आचेवर फुगवा.

एवढे करूनही तुटत असेल तर पीठ जुने आहे, त्याची विरी गेली आहे. आठ-दहा दिवसांपुरतेच दळा. बाजरीचे पीठ तर त्याहूनही लवकर कडवट होते.

स्वयंपाकघरात

एकाच ओट्यावर पोळ्याही होणार असतील तर भाकरी आधी करा, कारण कणकेची धूळ बराच वेळ हवेत राहते. पिठाची चाळणी आणि लाकडी काठवट, पोळपाट, लाटणे रुग्णासाठी वेगळेच हवे, त्यांच्या फटींतले पीठ धुऊन निघत नाही. स्टीलची परात घासून चालते. तवा तापला की ग्लुटेन जळून जाते हा समज चुकीचा आहे, तव्यावर पोळीचे करपलेले पीठ राहते. शक्य असेल तर तवाही वेगळा ठेवा. पोळीला लावलेला तुपाचा चमचा पुन्हा तुपात जात असेल तर रुग्णाची वाटी वेगळी काढा.

"खपली गहू चालतो ना?" हा प्रश्न हल्ली फार येतो. नाही, तोही गहूच आहे. थालीपिठाच्या भाजणीत आणि सातूच्या पिठात बहुधा गहू असतो. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात मैदा असू शकतो, तेव्हा फोडणीच्या डबीवरचे घटक वाचा.

तपासणीबद्दल

नुसता संशय आहे म्हणून घरच्या घरी गहू बंद करू नका. गहू खाणे चालू असतानाच टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करावी लागते, अनेकदा एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडाही तपासावा लागतो. आधीच गहू सोडला तर दोन्ही तपासण्या खोट्या नॉर्मल येऊ शकतात. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांची तपासणीही करून घ्या.

निदानानंतर टीटीजीचा आकडा उतरायला अनेक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. तो उतरत नसेल तर पुढच्या भेटीला येताना घरातल्या पिठाच्या डब्यांचे आणि हिंगाच्या डबीवरच्या लेबलचे फोटो काढून आणा. शाळेचा डबा कोण भरते आणि मधल्या सुट्टीत मूल कुणाचा डबा खाते, हेही विचारून या.