पहाटे चढणारी साखर : एक आकडा, दोन निदाने

१/ जानेवारी १९२२. टोरंटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचले गेले आणि मधुमेही मुले जगू लागली. मग एक कोडे उरले : रात्रभर उपाशी असूनही सकाळी साखर चढलेली कशी?

२/ १९३०च्या दशकात सेंट लुईस येथील हंगेरियन जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोग्यी यांनी उलटेच उत्तर दिले. रात्री इन्सुलिन जास्त होते, साखर घसरते, बचावासाठी यकृत साखर सोडते. म्हणून मात्रा घटवा. त्या काळी घरी साखर पाहायची ती लघवीत. झोपेतली घसरण तिथे दिसणार कशी? तर्क देखणा होता, दशकानुदशके टिकला.

३/ १९८१मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ‘डॉन फिनॉमिनन’ अवतरला. पहाटे वाढीचे संप्रेरक व इतर संप्रेरके इन्सुलिनचा प्रभाव घटवतात. निरोगी स्वादुपिंड जादा इन्सुलिन स्रवून सावरते, या रुग्णांचे सावरू शकत नाही. म्हणजे इथे इन्सुलिन कमी पडते! आकडा तोच, उपचार विरुद्ध. चुकीची निवड झोपेत जिवावर बेतू शकते. निवाडा पहाटे ३च्या रक्तचाचणीवर.

४/ अहोरात्र साखर टिपणारे संवेदक आले, तेव्हा सोमोग्यींचा ‘उसळी’चा सिद्धांत बराच लंगडा पडला. रात्री साखर घसरलेल्यांची सकाळही बहुधा खालचीच निघाली.