ज्यांना गाव नव्हतं, त्यांचं गाव: 'गुरुकुलम'ची वाटचाल

पिंपरी-चिंचवड हे गाव सोडून आलेल्यांचं शहर आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून पोरं येत राहिली. पहिल्या रात्री ती उतरत ती बहुधा एखाद्या गाववाल्याच्या खोलीवर. त्याच्याच शब्दावर काम मिळे, त्याच्याच ओळखीने भाड्याची जागा. पण ज्याला गावच नाही, त्याच्यासाठी कुणी शब्द टाकायचा?

चिंचवडगावातलं 'पुनरुत्थान समरसता गुरुकुलम' अशाच मुलांचं आहे. पारधी, वडार, कैकाडी अशा भटक्या-विमुक्त समाजांतली ही मुलं. माळावर ठोकलेलं पाल हेच घर, आणि तेही आज इथे तर महिन्याभराने दुसऱ्या शिवारात. चापेकर बंधूंच्या या गावात त्यांच्या नावाने काम करणाऱ्या क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने २००६ साली हे गुरुकुल सुरू केलं. त्यामागे सामाजिक कार्यकर्ते गिरीश प्रभुणे यांचं अनेक वर्षांचं काम होतं.

त्या कामाची सुरुवात शहरात झाली नाही. शिरूर तालुक्यातल्या निमगाव म्हाळुंगीत ग्रामविकासाचं काम करताना प्रभुण्यांचा पारध्यांशी जवळून संबंध आला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली. त्या कायद्याने माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरत होता. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे सक्तीच्या वसाहतीत, या जमातींच्या पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, हे लोक 'विमुक्त' झाले, पण शिक्का पुसला गेला नाही. गावात चोरी झाली की पोलीस आधी पालावर जातात, हा अनुभव त्यांच्या लेकराबाळांच्याही वाट्याला आला. प्रभुण्यांनी 'पारधी' या पुस्तकातून हे जगणं वाचकांपर्यंत नेलं.

दुसरा टप्पा यमगरवाडीचा. १९९३ साली तुळजापूर तालुक्यातल्या या माळावर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. पालावरचं पोर शाळेत टिकवायचं तर आधी त्याच्या आईबापाचा विश्वास मिळवावा लागतो. सरकारी माणूस म्हणजे धरपकड, एवढंच ज्यांनी पाहिलं, ते आपलं लेकरू अनोळखी माणसाच्या हाती सहजासहजी देत नाहीत.

गुरुकुलमने हाच अनुभव कारखान्यांच्या शहरात आणला. इथे शालेय अभ्यास आहेच. सोबत मातीकाम, शिल्प, संगीत, वनौषधी, शेती, गोपालन आहे. या समाजांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे. वडाराला दगड कळतो, वैदूला झाडपाला, पारध्याला रान. शाळेत आल्यावर 'तुझं सगळं टाकून दे' असं सांगितलं, तर मूल आपल्याच माणसांची लाज बाळगायला शिकतं. 'तुझ्या आजीला जे येतं, तीही विद्याच आहे' असं सांगितलं, तर ते ताठ मानेने वर्गात बसतं. माझ्या मते गुरुकुलमचं सर्वांत मोलाचं काम हेच आहे. २०२१ साली प्रभुण्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या विचाराचाही गौरव झाला.

तरी शाळेच्या फाटकाबाहेर दोन भिंती उभ्या असतात. पहिली कागदाची. विमुक्त जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, आणि फासेपारध्यांसारख्या अनुसूचित जमातीचा काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांना कुठल्याच गावाने वस्तीला राहू दिलं नाही, त्यांनी कुठल्या गावचा पुरावा आणायचा? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, आणि आयटीआयमधली राखीव जागाही नाही.

दुसरी भिंत माणसांची. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला काम मिळालं, तरी रात्री कुठे जायचं हा प्रश्न उरतो. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची, तरतूद आहे. पण थेट पालावरून आलेला मुलगा बालगृहाच्या नोंदीत नसतोच. भाड्याची खोली बघायला गेलं की अनामत, भाडेकरार, पोलीस पडताळणी आणि आडनावाची चौकशी. इतरांसाठी पोलीस ठाण्यात फॉर्म देणं हे एक काम असतं. या मुलासाठी ती लहानपणापासूनच्या भीतीची जागा असते.

म्हणून इथून पुढची वाटचाल एकट्या संस्थेने करायची नाही. गुरुकुलम या मुलाचं गाव झालं, तसं आपण त्याचे गाववाले व्हायला हवं. कारखानदाराने शिकाऊ उमेदवारीच्या जागेवर त्याला घ्यावं, पर्यवेक्षकाने त्याच्यासाठी शब्द टाकावा, महसूल कार्यालयाने गृहचौकशी करून दाखल्याचा मार्ग काढावा, घरमालकाने आडनाव न बघता भाडेकरार करावा. हे उपकार नव्हेत. या शहराने लाखो परक्यांना असंच आपलं केलं आहे; यांचा हक्क त्याहून वेगळा नाही. विद्यार्थ्यांच्या संख्येबरोबर आणखी एक आकडा आपण दरवर्षी विचारायला हवा: यंदा किती जणांना स्वतःच्या नावावर खोली मिळाली?