मुंबई ते न्यूयॉर्क विमानप्रवास : अंतर किती, वेळ किती आणि तारखेचा घोळ कुठे होतो?

मुलगा-सून अमेरिकेत आणि आई-वडील गावाहून पहिल्यांदाच तिकडे निघालेत, असं चित्र आता तालुक्याच्या गावांतही दिसतं. तिकीट व्हॉट्सअॅपवर येतं, पण त्यावरच्या वेळा बघून घरात डोकं चक्रावतं.

मुंबई ते न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचं सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. नकाशावर अमेरिका पश्चिमेला दिसते. पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळची वाट मात्र उत्तरेकडून, रशिया आणि ग्रीनलँडच्या बाजूने जाते. विमान नेमकं त्याच वाटेने जाईल असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला.

थेट विमानाला जाताना साधारण १५ ते १६ तास लागतात. येताना तास-दीड तास कमी, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो आणि तो येताना विमानाला मागून ढकलतो. दुबई किंवा दोहाला विमान बदलायचं असेल तर २० ते २४ तास धरून चला, थांबा मोठा असेल तर त्याहून जास्त.

आता घड्याळ. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची तिथलीच वेळ छापलेली असते. म्हणून जूनमध्ये मुंबईहून रात्री २ ला निघालेलं विमान १६ तास उडून त्याच तारखेला सकाळी साडेआठला उतरलेलं दिसतं. विमान साडेसहा तासांत पोचलं, असा हिशेब कुणी करू नये!

खरी गफलत होते ती निघायच्या तारखेत. तिकिटावर १५ जून, ०२:०० असेल तर ती १४ तारखेची रात्र असते. १४ च्या संध्याकाळीच मुंबईत पोचलं पाहिजे आणि रात्री १०-११ ला विमानतळावर हजर. १५ ला जेवूनखाऊन घर सोडलं, तर विमान केव्हाच गेलेलं असतं. थेट तिकीट हुकलं की पैसेही बहुतेक बुडतात. घाट, पाऊस आणि मुंबईतलं ट्रॅफिक धरून गाडी ठरवा.

विमानतळाचा कोडही बघा. बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. तिकडे जेएफके वेगळं आणि ईडब्ल्यूआर, म्हणजे न्यू जर्सीतलं नेवार्क, वेगळं. दोन्हींच्या मध्ये अख्खं न्यूयॉर्क शहर आहे, त्यामुळे घ्यायला येणाऱ्याला नेमकं नाव सांगा.

वयस्कर माणसांसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवावी. चालता येत असलं तरी भाषेची अडचण असणाऱ्यांना सोबत माणूस मिळतो. रोजच्या गोळ्या मोठ्या बॅगेत न टाकता डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. एवढा वेळ बसून पाय सुजतात, म्हणून दर दोन तासांनी उठून थोडं चालावं.