रंगाचा शेवटचा हात

श्रोतेहो, आमचें फुलचूर हें गोंदिया शहराला अगदीं लागून असलेलें गांव. श्रावणाची अमावास्या जवळ आली, म्हणजे येथें बैलांचे खांदे शेकले जातात, शिंगांना रंग लागतो आणि पोळा भरतो. परंतु आज मला ज्या बैलाविषयीं बोलावयाचें आहे, तो चारा खात नाहीं. तो लांकडाचा आहे, त्याच्या पायांखालीं चार चाकें आहेत, आणि त्याचा सण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला येतो. विदर्भांत त्या सणाला तान्हा पोळा म्हणतात.

मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृति करावी आणि रंग देऊन तिला खरेपणा आणावा, हा छंद आज जगभर पसरला आहे. विमानें, रणगाडे, जहाजें यांचे सुटे भाग डब्यांत भरून विकले जातात, आणि ते जोडून रंगविण्यांत प्रौढ माणसेंही तासन् तास रमतात. या छंदाचा इतिहास सांगणारे बहुधा विलायतेपासून आरंभ करतात. मी तो आपल्या अंगणापासून करणार आहें.

नागपूरकर भोसल्यांपैकीं दुसरे रघुजीराजे यांनीं 1806 सालीं तान्हा पोळा सुरू केला, अशी नागपुरांत परंपरा सांगतात. शेतकऱ्याच्या घरीं बैलाचें जें स्थान आहे तें मुलांनाही कळावें, हा त्यांतील हेतु. मुलें आपापले लांकडी नंदी सजवून एकत्र आणतात, मग दोरीनें ओढीत घरोघरीं जातात आणि बोजारा मिळवितात. सुताराकडून आलेला नंदी मात्र कोरा असतो. तो प्रथम कांचकागदानें घासावयाचा. भेगांत खडूची भुकटी व डिंक यांची लांबी भरावयाची. ती वाळली कीं पुन्हा घासावयाचें. मग पांढऱ्या रंगाचें अस्तर, त्यावर अंगाचा रंग, नंतर डोळे, खूर, शिंगें व झूल, आणि सर्वांच्या शेवटीं रोगणाचा हात. हा क्रम ध्यानांत ठेवावा. तो आपल्याला पुढें फार दूरच्या देशांत पुन्हा भेटणार आहे.

हें रोगण आमच्या मुलखाला परकें नाहीं. गोंदिया हें नांवच गोंद, म्हणजे डिंक, आणि लाख यांच्या व्यापारावरून पडलें, असें सांगतात. लाख हा एका सूक्ष्म किड्याचा स्राव होय. पळस, कुसुम व बोर या झाडांच्या कोंवळ्या डहाळ्यांवर हे किडे वस्ती करतात. त्या डहाळ्यांवरील लाख खरडून, धुऊन, वितळवून तिचा चपडा करतात, आणि चपडा स्पिरिटांत विरघळविला कीं रोगण तयार होतें. स्पिरिट उडून जातें; मागें पातळ, कठीण व चकचकीत पापुद्रा राहतो. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतही हाच चपडा असे. 1924 सालीं रांचीजवळ नामकुम येथें लाखेच्या संशोधनासाठीं स्वतंत्र संस्था निघाली, यावरून त्या काळीं या पदार्थाचें महत्त्व किती होतें तें कळून येईल.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सावंतवाडीस, लांकूड रंगविण्याची ही विद्या अधिक सूक्ष्म झाली. तेथील चितारी कारागीर लांकडाचीं फळें व भाज्या करून त्यांवर असा कांहीं रंग चढवितात, कीं पाहुण्याचा हात सहज पुढें व्हावा. विसाव्या शतकांत ही कला मंदावली असतां शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांतच कारागिरांना जागा देऊन तिला पुन्हा उभारी दिली. फळ मूळ आकाराचेंच करावयाचें असल्यामुळें तेथें मापाचा प्रश्न येत नाहीं. आमचा नंदीही सुताराच्या अंदाजानें लहानमोठा होतो. परंतु प्रतिकृतीला नेमकें माप लावावें, हा विचार ज्या दिवशीं पुढें आला, त्या दिवशीं या छंदानें नवें वळण घेतलें.

ब्रिटनमध्यें 1932 च्या सुमारास ‘स्कायबर्ड्स’ नांवाचे लांकडी विमानांचे संच निघाले. त्यांनीं एकास बहात्तर हें प्रमाण धरलें. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट तो प्रतिकृतींत एक इंच. 1936 सालीं ‘फ्रॉग’ या नांवानें व्यापार करणाऱ्या कंपनीनें याच प्रमाणाचे ‘पेंग्विन’ नांवाचे प्लॅस्टिकचे संच बाजारांत आणले. मग महायुद्ध आलें, आणि खेळणें शिपायाच्या उपयोगी पडलें. 1942 सालीं अमेरिकेच्या नौदलानें तेथील शाळकरी मुलांकडे पन्नास जातींच्या विमानांच्या प्रत्येकीं दहा हजार, म्हणजे एकूण पांच लक्ष प्रतिकृति मागितल्या. प्रमाण पुन्हा एकास बहात्तर. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृति पाहणें म्हणजे सुमारें अर्ध्या मैलावरील खरें विमान पाहणें होय; पस्तीसला बहात्तरांनीं गुणून पाहा. या सर्वांना एकच काळा रंग द्यावयाचा होता, कारण केवळ बाह्याकृतीवरून विमान आपलें कीं शत्रूचें, हें सैनिकाला ओळखतां यावयास हवें होतें. रंग केव्हां द्यावा आणि केव्हां आवरावा, हें कामाच्या हेतूवरून ठरतें, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाहीं.

युद्धानंतर हा छंद घरोघरीं गेला. ‘एअरफिक्स’ कंपनीनें 1952 सालीं ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा स्वस्त संच काढला, आणि पुढें स्पिटफायर विमानाचा. इंग्लंडमधील हल शहराच्या ‘हंब्रोल’ रंगांच्या चिमुकल्या डब्या मुलांच्या खिशाला परवडूं लागल्या. जपानांत शिझुओका येथील ‘टामिया’ हा व्यवसाय 1946 सालीं लांकडाच्या धंद्यांतून उभा राहिला, प्रथम लांकडी प्रतिकृतींकडे वळला, आणि 1960 सालीं त्यानें ‘यामातो’ या युद्धनौकेचा प्लॅस्टिकचा पहिला संच काढला. म्हणजे तेथेंही आधीं लांकूड आणि मग प्लॅस्टिक.

गेल्या वर्षीं माझ्या नातवाला असा एक रणगाड्याचा संच भेट मिळाला, आणि तो जोडतांना मी शेजारीं बसलों. पाहतों तों काय, क्रम तोच! भाग धुवावयाचे, सांधे भरून घासावयाचे, अस्तर द्यावयाचें, मग रंगाचे पातळ पातळ हात आणि शेवटीं रोगण. फरक दोनच आढळले. पहिला असा कीं, खऱ्या रणगाड्याचा रंग जसाच्या तसा चिमुकल्या रणगाड्यास दिला, तर तो अधिक गडद दिसतो. दूरची वस्तु आपण हवेच्या थरांतून पाहतों, म्हणून ती फिकट भासते. यास्तव जाणकार मूळ रंगांत थोडा पांढरा मिसळतात आणि फाजील चकाकी मारतात. दुसरा फरक याहून विलक्षण आहे. नवा कोरा रंग पुरा झाला, कीं तो मुद्दाम जुना करावयाचा! खांचांत पातळ काळपट रंग सोडावयाचा. कुंचला जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवर फिरवावयाचा. जेथें शिपायाचे बूट घासतात तेथें धातु उघडी पडल्यासारखी दाखवावयाची. शेपर्ड पेन या अमेरिकन कारागिरानें 1970 नंतरच्या दशकांत ‘मोनोग्रॅम’ कंपनीच्या संचांसाठीं देखावे रचले, आणि ते कसे रचावे याचीं पत्रकें त्या डब्यांतून घरोघरीं गेलीं. वस्तु वापरांत असली म्हणजे कोठें झिजते, हें पाहण्याची संवय त्यांनीं पुष्कळांना लावली.

नातू मला हें समजावून सांगत होता, आणि माझें मन मात्र पुष्कळ वर्षें मागें गेलें होतें. शाळेच्या पटांगणांत तान्हा पोळा भरला होता आणि परीक्षक म्हणून मी खुर्चीवर बसलों होतों. रांगेंत एक नंदी बाजारांतून तयार आणलेला होता. आरशासारखा चकचकीत, गळ्यांत जरीची माळ. त्याच्या शेजारीं एका शेतकऱ्याच्या मुलानें स्वतः रंगविलेला नंदी होता. रंग घरगुती, पण हात नीटस. फक्त मानेवर, वशिंडाच्या पुढें, बोटभर रुंद पट्टा उडाल्यासारखा दिसत होता. पांढऱ्या अंगावर तेवढाच भाग काळसर व खडबडीत. मीं म्हटलें, “बाळ, येथला रंग गेला कीं रे!” तो खालीं मान घालून म्हणाला, “रंग नाही गेला जी, गुरुजी. तिथं जू बसते.” मीं तें ऐकलें, पण माझ्या कानापलीकडे तें गेलें नाहीं. बक्षीस मीं चकचकीत नंदीला दिलें.

श्रोतेहो, पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलाच्या ज्या खांद्याला लोणी व हळद लावून शेकतों, तो खांदा त्या मुलानें रंगविला होता. वर्षभर जूं घासून जेथें घट्टा पडतो, तेथेंच त्याचा कुंचला थांबला होता. सण ज्या उपकाराची आठवण म्हणून आहे, तो उपकार त्या सबंध पटांगणांत एकाच नंदीच्या अंगावर लिहिलेला होता, आणि तो वाचण्यास जो शिक्षक नेमला होता, त्याला तो वाचतां आला नाहीं. पेनचीं पत्रकें त्या मुलाच्या घरीं कोठून असणार! त्यानें दारचा बैल पाहिला होता, एवढेंच.

आतां तयार रंगविलेले नंदी बाजारांत सहज मिळतात, आणि मोठ्यांतला मोठा नंदी आणण्याची चढाओढही दिसते. विकत घेण्यांत पाप नाहीं. सर्वांनाच सवड असते असें नव्हे. तथापि तयार नंदी आणला म्हणजे मुलाचें एक काम वांचतें, आणि तें काम रंगविण्याचें नसतें, तर पाहण्याचें असतें. खूर कोणत्या रंगाचा, डोळ्याची कड कशी, घट्टा कोठें, हें रंगवावयास बसल्याविना कोणी बारकाईनें पाहत नाहीं. नंदी असो वा रणगाडा, लहान वस्तु रंगवितांना मोठी वस्तु नीट दिसूं लागते, हाच या छंदाचा खरा लाभ होय.

अजूनही मला कधीं कधीं परीक्षक म्हणून बोलावितात. मी एवढेंच करतों, कीं नंदीला हात लावण्यापूर्वीं प्रत्येक मुलाला विचारतों, “हें येथें असें कां केलेंस?” आणि मग उत्तर पुरें होईपर्यंत थांबतों.