याप्य व्याधि आणि बालरुग्ण

आमच्या प्राचीन वैद्यांनीं असाध्य व्याधींचेहि दोन भेद केले आहेत. उपचार चालू असेपर्यंत जो आटोक्यांत राहतो तो याप्य, आणि वैद्यानें जो हातींच घेऊं नये तो प्रत्याख्येय. ज्या कर्करोगी बालकास बरें करणें अशक्य ठरलें, त्यास आधुनिक वैद्यकानें बराच काळ या दुसऱ्या वर्गांत लोटलें होतें, असें इतिहास पाहतां म्हणावें लागतें. ‘आतां घरीं न्या’ एवढें सांगितलें कीं डॉक्टरांचें कर्तव्य संपलें! या समजुतीशीं ज्यांनीं झुंज घेतली, त्यांत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. मेरी अ‍ॅन मुकाडेन यांचें कार्य मराठी वाचकांनीं जाणून घेण्याजोगें आहे.

मुकाडेनबाई मूळच्या किरणोपचाराच्या तज्ज्ञ. किरणांनीं गांठ जाळतां येते, तशीच हाडांत उतरलेल्या रोगाची वेदनाहि शमवितां येते. म्हणजे उपशमन हें त्या शास्त्राचें अर्धें अंगच होय. पुढें त्याच रुग्णालयाच्या उपशामक चिकित्सा विभागाचें प्रमुखपद त्यांनीं दीर्घकाळ सांभाळलें, आणि मुलांकडे विशेष लक्ष दिलें. या विषयाची एम. डी. पदवी आपल्या देशांत २०१२ सालीं प्रथम तेथेंच शिकविली जाऊं लागली.

मुलांचा विचार मागाहून झाला, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. लंडनमध्यें सिसिली सॉण्डर्सबाईंनीं सेंट ख्रिस्तोफर ही संस्था १९६७ सालीं उघडली. मुलांसाठीं पहिलें असें घर ऑक्सफर्ड येथें निघावयास १९८२ साल उजाडलें. वांद्र्याचें शांति आवेदना सदन १९८६ चें. तान्ह्या मुलास प्रौढांसारखी वेदना होतच नाहीं, असें मोठमोठे शस्त्रवैद्य मानीत. तें चूक असल्याचें कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरानें १९८७ च्या सुमारास दाखवून दिलें. जागतिक आरोग्य संघटनेनें कर्करोगी मुलांच्या वेदनेविषयीं स्वतंत्र पुस्तिका काढली ती १९९८ सालीं.

औषध तर जुनेंच, अफूपासून निघणारें मॉर्फिन. तें तोंडावाटे, मुलाच्या वजनास अनुसरून, साधारणतः दर चार तासांनीं घड्याळ पाहून द्यावयाचें. दुखणें उठण्याची वाट पाहावयाची नाहीं, आणि बरोबर सारक औषध चुकवावयाचें नाहीं. ज्यास सांगतां येत नाहीं त्या मुलापुढें हंसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचीं चित्रें ठेवून तो कोणत्या चेहऱ्यावर बोट ठेवतो तें पाहतात. इतकी साधी ही विद्या! परंतु मादक द्रव्यांच्या १९८५ च्या कायद्यानें डॉक्टर व औषधविक्रेते असे धास्तावले, कीं १९९७ पर्यंत देशांतील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर वर्षाला सुमारें १८ किलोवर घसरला. ज्या देशांत गाझीपूर व नीमच येथें सरकारी अफूचे कारखाने चालतात, तेथेंच मुलें विव्हळत राहावींत, यास काय म्हणावें? २०१४ सालच्या दुरुस्तीनें अनेक परवान्यांऐवजीं एकच परवाना पुरेसा ठरला.

आमच्या मतें मुकाडेनबाईंच्या कार्याचा मोठेपणा परळपेक्षां जव्हार येथें अधिक दिसतो. २०१० सालीं ब्रिटिश साहाय्यानें महाराष्ट्रांत बालकांच्या उपशामक सेवेची जी योजना त्यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाली, तिचें एक केंद्र तेव्हांच्या ठाणें, आतांच्या पालघर जिल्ह्यांतील या आदिवासी गांवीं होतें. तेथें केवळ कर्करोगीच नव्हे, तर दुसऱ्या दुर्धर रोगांचीं मुलेंहि आलीं. मोठ्या रुग्णालयाची पायरी चढूं न शकणाऱ्या घरापर्यंत ही विद्या नेतां येते काय, याची ती खरी कसोटी होती.

करवीर तालुक्यांतील गडमुडशिंगीसारख्या गांवास हा प्रश्न परका नाहीं. शेजारीं गोकुळ शिरगांवास कर्करोगाचें रुग्णालय आहे. तरी कित्येक आईबाप मूल कडेवर घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसनें रात्रभर प्रवास करून परळ गांठतात. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेच्या निवासांत अशा कुटुंबांची फुकट सोय होऊं लागली, हें मोठेंच साहाय्य. परंतु उपचार हरले म्हणजे त्याच गाडीनें परतावें लागतें; आणि मग मध्यरात्रीं मूल कण्हूं लागलें तर मॉर्फिनची मात्रा किती वाढवावी, हें विचारावयाचें कोणास? तें उत्तर गांवच्या डॉक्टराजवळ असावें, मुंबईच्या नव्हे; आणि बाटली त्याच्या कपाटांत असावी.