खूण अर्थाची, साज रूपाचा

हस्तलिखित जुळाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी अमुक ओळ ठळक टाइपात घ्यावी, तमुक परिच्छेद इतका आत सारावा, अशा खुणा त्याच्या समासात करून देण्याचा छापखान्यांतील शिरस्ता जुना आहे. आणि १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत संगणकाच्या साहाय्याने अक्षरजुळणी होऊ लागली, तेव्हा याच खुणा सांकेतिक आज्ञांच्या रूपाने मजकुराच्या पोटात शिरल्या. समासातील खुणेचे काम छपाई होताच संपत असे. मजकुरात शिरलेली आज्ञा मात्र मजकुराबरोबर दप्तरात कायमची राहू लागली, आणि एका यंत्रासाठी सिद्ध केलेला दस्तऐवज दुसऱ्या यंत्राला दुर्बोध ठरू लागला. या अडचणीतून जो विचार जन्मास आला, त्याच्यावरच आजच्या प्रत्येक सुघटित वेबपानाची उभारणी झालेली आहे: मजकुराचा एखादा भाग काय आहे, हे मजकुरात सांगावे, तो कसा दिसावा, हे अन्यत्र सांगावे.

सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात भरलेल्या बैठकीत विल्यम टनिक्लिफ यांनी आशय आणि मांडणी यांच्या पृथक्करणाचा हा विचार मांडला. १९६९ साली आयबीएममधील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे वकिली कचेऱ्यांच्या कागदपत्रांची व्यवस्था लावीत असताना, तोच मजकूर संपादणाऱ्या, शोधणाऱ्या आणि छापणाऱ्या निरनिराळ्या प्रणालींना सारखाच कळावा, या गरजेपोटी त्यांनी जीएमएल ही खूणभाषा रचली. आणि तिच्याच वंशातील एसजीएमएलला १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली.

जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबपानांची खूणभाषा एचटीएमएल रचली, ती याच परंपरेतून. १९९१ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या टिपणात अवघे १८ टॅग, म्हणजे मजकुरात घालावयाच्या खुणा, होते, आणि त्यांत शीर्षक, परिच्छेद, यादी, पत्ता असे मजकुराचे घटकच प्रामुख्याने सांगितलेले होते. कारण सर्नमध्ये नाना जातींचे संगणक नांदत होते, काहींच्या पडद्यावर केवळ अक्षरेच उमटत, आणि अशा स्थितीत रूपाचा आग्रह धरणे म्हणजे निम्म्या वाचकांना दाराबाहेर ठेवण्यासारखे झाले असते.

पुढे वेबचा प्रसार बाजारपेठेत झाला आणि दुकानदारांना, जाहिरातदारांना, वृत्तपत्रांना आपापली पाने देखणी हवीशी झाली. ही इच्छा रास्तच होती. परंतु ती पुरविण्याचे साधन हाताशी नसल्यामुळे नेटस्केप या ब्राउझरने १९९४-९५ च्या सुमारास अक्षरांचा आकार ठरविणारा ‘फॉन्ट’ आणि मजकूर मध्यभागी आणणारा ‘सेंटर’ असे टॅग प्रचारात आणले, आणि आकडेवारीसाठी योजलेल्या सारणीचे कप्पे पानाची आखणी करण्याच्या कामी जुंपले गेले. डेव्हिड सीगल यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र ताणून हवे तेवढे अंतर साधण्याची युक्ती लोकप्रिय केली, आणि पुढच्याच वर्षी आपल्या शिकवणीने झालेली हानी त्यांनीच जाहीरपणे मान्य केली. ही हानी सर्वाधिक सोसली ती अंध वाचकांनी. पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविणारे सॉफ्टवेअर शीर्षकांच्या आधाराने पानात वाट काढते; जेथे शीर्षक हे केवळ मोठ्या अक्षरांचा परिच्छेद असते आणि बातमी सारणीच्या कप्प्यांत विखुरलेली असते, तेथे डोळस माणसास क्षणात कळणारी रचना ऐकणाऱ्यास कळतच नाही.

यावरील तजवीज मात्र वेळीच मांडली गेली होती. १० ऑक्टोबर १९९४ रोजी, सर्नमध्येच काम करणाऱ्या हाकोन व्हिउम ली यांनी रूपाचे नियम मजकुरापासून वेगळे नोंदविणाऱ्या शैलीपत्रकांचा मसुदा प्रसिद्ध केला. बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी या शैलीपत्रकांच्या भाषेची, म्हणजे सीएसएसची, पहिली आवृत्ती शिफारस म्हणून जारी झाली. लेखकाची पसंती आणि वाचकाची पसंती या दोहोंना एकाच व्यवस्थेत स्थान देऊन त्यांचा अग्रक्रम नियमांनी ठरवावा, ही त्या मसुद्यातील न्यायबुद्धी विशेष आदरास पात्र आहे. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४ ने ‘फॉन्ट’ आणि ‘सेंटर’ त्याज्य ठरविले; परंतु ब्राउझरांनी सीएसएसचे नियम अर्धेमुर्धेच पाळल्यामुळे मानकांच्या अंमलासाठी १९९८ साली वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट ही चळवळ उभी करावी लागली. २००३ साली डेव्ह शे यांच्या ‘सीएसएस झेन गार्डन’ने एकच मजकूर, त्यातील एकही टॅग न बदलता, केवळ शैलीपत्रक पालटून सर्वस्वी भिन्न रूपांत दाखविला, तेव्हा अर्थनिष्ठ रचना रूक्षच असते हा आक्षेप निकालात निघाला.

मराठी वाचकांस या इतिहासाची झळ निराळ्या प्रकारे लागली. युनिकोड या जगातील लिप्यांच्या समाईक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ पासून स्थान असूनही, आरंभीच्या अनेक मराठी संकेतस्थळांवरील मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत असत आणि विशिष्ट फॉन्ट त्यांस देवनागरीचा वेष चढवी. फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे, आणि त्या मजकुरात शोध घेणेही दुरापास्त होई. तेथे केवळ मांडणीच नव्हे, तर भाषाच रूपाच्या स्वाधीन झाली होती.

युनिकोडने तो प्रश्न सोडविला, तरी व्यवहारातील काही प्रश्न उरतातच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही वळणे प्रमाण ठरविली. युनिकोडात मराठी आणि हिंदी ‘ल’चा संकेत एकच असल्याने मजकूर मराठी असल्याची नोंद ‘लँग’ या गुणात केली, तरच तशी सोय असलेला फॉन्ट आपले वळण निवडू शकतो. जोर दर्शविणाऱ्या ‘ईएम’ टॅगला ब्राउझर तिरपी अक्षरे देतात, आणि तिरपेपणाची परंपरा रोमन लिपीची आहे. देवनागरीत तोच जोर ठळक टाइपाने दाखवावयाचा असेल, तर टॅग तसाच ठेवून शैलीपत्रकातील एक ओळ बदलणे पुरते. शीर्षकाची पातळी अक्षरांच्या आकारावरून न निवडता विषयाच्या क्रमावरून निवडावी, सारणी आकड्यांसाठी राखावी, आणि २०१४ च्या एचटीएमएल ५ ने दिलेल्या लेख, विभाग, मार्गदर्शक यादी अशा टॅगांचा उपयोग करावा, हे नियम त्याच एका तत्त्वातून निघतात. मजकूर लिहिणाऱ्यास आपला वाचक कोणत्या पडद्यावर, कोणत्या लिपीत, डोळ्यांनी की कानांनी वाचणार, हे कधीच ठाऊक नसते. म्हणून अर्थाची प्रामाणिक नोंद करून ठेवणे हे त्या अनोळखी वाचकाप्रति त्याचे पहिले कर्तव्य होय, आणि सौंदर्याचा यथेच्छ विचार त्याने ते पार पाडल्यानंतर करावा.