पारपत्राचे नूतनीकरण (चेहरेपट्टी बदलल्यास)

पारपत्रातील छायाचित्राशी धारकाचा प्रत्यक्ष चेहरा जुळेनासा झाल्यास, मुदत शिल्लक असली तरी, ते नव्याने करून घेण्याची कारवाई. भारतात पारपत्रांचे नियमन 1967 च्या अधिनियमान्वये व 1980 च्या नियमांन्वये होते. पुनर्प्रदानाच्या अर्जात वैयक्तिक तपशिलांतील बदलांमध्ये रूपातील बदल हेही कारण नोंदविता येते.

जुन्या हस्तलिखित पारपत्रांत छायाचित्राच्या जोडीला उंची, डोळ्यांचा रंग आणि अंगावरील ठळक खुणा लिहिलेल्या असत. यंत्राने वाचावयाच्या पारपत्रांत हा तपशील गळाला, ओळखीचा बहुतेक भार छायाचित्रावर आला, आणि अंमलदाराच्या नजरेबरोबर संगणकही चेहरा ताडून पाहू लागल्यापासून ते छायाचित्र विश्वासार्ह असणे अधिकच निकडीचे झाले.

केस पिकणे, चष्मा लागणे अशा वयोमानपरत्वे होणाऱ्या फेरफारांसाठी सामान्यतः हा खटाटोप करावा लागत नाही. भाजल्याने वा अपघाताने चेहरा विद्रूप झाला, जबड्याची शस्त्रक्रिया झाली, दुर्धर आजाराने मुद्रा ओळखू येईनाशी झाली, तर मात्र तो अवश्य करावा. कारण ज्याने एवढे सोसले त्याला परक्या मुलखातील तपासणीच्या खिडकीपुढे आपली व्यथा अनोळखी माणसाला पुन्हा सांगावी लागणे, हे टाळता येण्याजोगे दुःख आहे. बालकांचा चेहरा झपाट्याने पालटतो. त्यांच्या पारपत्राची मुदतही, प्रौढांच्या दहा वर्षांऐवजी, सर्वसाधारणपणे पाचच वर्षे असते. पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत रूपाबरोबर लिंगनोंदही बदलावयाची असल्यास, 2019 च्या अधिनियमाप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्याने दिलेले ओळख-प्रमाणपत्र त्यास आधारभूत ठरते.

अर्ज संगणकावरून भरून, भेटीची वेळ घेऊन, मूळ पारपत्रासह सेवा केंद्रात जावे लागते. प्रौढ अर्जदाराचे छायाचित्र व बोटांचे ठसे तेथेच घेतात. पोलीस चौकशी प्रत्येक प्रकरणी होतेच असे नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर आणि गोव्यात पणजी येथे पारपत्र कार्यालये आहेत. उपचारांचे दाखले जवळ बाळगावेत, आणि प्रकृतीने साथ देताच, प्रवासाचे तिकीट काढण्यापूर्वी अर्ज करावा. जुने पारपत्र रद्दची मोहोर उमटवून परत मिळते. त्यातील व्हिसाची मुदत बाकी असल्यास अमेरिकेसारखे देश तो ग्राह्य धरतात, म्हणून अशा प्रवासात दोन्ही पारपत्रे बरोबर ठेवावीत.